नवी आवृत्ती : एक अर्धवट सल्ला

संगणकाच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास आढळते : 'नेहमी नवीनतम आवृत्ती वापरावी.' राउटरच्या बाबतीत हा सल्ला आम्हांला अर्धवट वाटतो. अकलूजचा ऊस बागायतदार नवा वाण आला म्हणून सगळे रान त्याखाली आणत नाही. आधी चार गुंठ्यांत लावून पाहतो.

मायक्रोटिक ही कंपनी आपल्या राउटरसाठी 'स्टेबल' आणि 'लाँग-टर्म' अशा दोन शाखा काढते. नावावरून पहिली अधिक भरवशाची वाटेल. पण नव्या सोयी तिच्यातच येतात, आणि सोयींबरोबर नवे दोषही येऊ शकतात. 'लाँग-टर्म'मध्ये फक्त महत्त्वाच्या दुरुस्त्या असतात. शाळेला सहसा तीच पुरे.

'चालतंय ना, मग हात लावू नका' हे मात्र त्याहून वाईट. याच राउटरमधील एका त्रुटीवर एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती निघाली होती. ती न बसवलेले हजारो राउटर ऑगस्टपर्यंत चोरट्यांच्या हाती गेले, आणि त्यांतून जाणाऱ्या पानांत आभासी चलन 'खणणारा' प्रोग्रॅम घुसवला गेला.

प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची यादी मिळते. पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो! नववीच्या मुलांना अशी एक यादी जरूर द्यावी. त्यातला कोणता दोष आपल्या शाळेला लागू आहे, हे ती शोधू शकतात.