वासनेला सोवळं कुणी नेसवलं?

निकोलस ग्रॉथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ‘मेन हू रेप’ हे १९७९ सालचं पुस्तक. हाती घेतलं तेव्हा माझं टाळकं सटकलं. म्हटलं, बाईचा जन्म जळाला आणि हा बाबा नराधमाचं मन उकलत बसलाय! पण पुस्तक खाली ठेवता आलं न्हाई.

ग्रॉथ कनेक्टिकटच्या तुरुंगात अशा गुन्हेगारांवर उपचार करायचा. पाचशेच्या वर माणसं त्यानं तपासली. त्याचं म्हणणं असं की, बलात्कारामागं राग असतो, सत्ता गाजवायची भूक असते, थोड्यांना दुसऱ्याच्या वेदनेतच सुख असतं. सत्तावाले सगळ्यांत जास्त. वासना हे नुसतं हत्यार. म्हणून उपचारात नुसती वासना दाबून भागत न्हाई. आपण काय केलं, ते त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं कबूल करायला लागतं.

हे आपल्या कोर्टांना कोण सांगणार? राजस्थानातल्या भटेरी गावात १९९२ साली भंवरीदेवी या कुंभार बाईवर सामूहिक बलात्कार झाला. साथीन म्हणून तिनं बालविवाह अडवायचा प्रयत्न केला होता, एवढाच तिचा गुन्हा. १९९५ साली आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला कशाला शिवतील, हाही तर्क निकालात होता. म्हणजे न्यायाधीशानं बलात्कार ही वासना धरली, आणि त्या वासनेला सोवळं नेसवलं!

इथं ग्रॉथ आपला साक्षीदार. पण पुढं तो तोकडा पडतो. त्याचा सत्तावाला माणूस आतून दुबळा, न्यूनगंडानं पोखरलेला. भटेरीत मात्र सत्ता आधीपासून घरात होती. एका बाईनं तिला हात लावला, म्हणून तिला शिक्षा दिली. असा रोग एकट्याच्या डोक्यात मावत न्हाई. तुरुंगातल्या उपचाराच्या खोलीत गाव कसं बसवायचं?

आणि मित्रहो, आपल्याही घरचं बोलू. दिवसभर मालकाची शिवी खाऊन रात्री बायकोवर जबरदस्ती करणारा आपल्या वस्तीतही आहे. त्याला ग्रॉथ तंतोतंत लागू पडतो. त्याचं पाप जातीव्यवस्थेच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होऊ शकत न्हाई.

पुस्तक जरूर वाचा. पण ग्रॉथ गुन्हेगाराचं बालपण विचारतो, तिथं त्याची जात, त्याचा सातबारा आणि त्याच्या पाठीशी उभं राहिलेलं गाव हेही विचारा. ते प्रकरण आपल्यालाच लिहावं लागंल.