अल्प खर्चातील चित्रपट आणि पूर्वनियोजन : दोन उदाहरणांची चिकित्सा

अल्प खर्चात निर्माण झालेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा खर्चाच्या आकड्यापाशीच थांबते. पैसा नसताना चित्रपट कसा झाला याचे कौतुक होते. परंतु चित्रीकरणापूर्वी कोणते निर्णय घेतले गेले, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात ‘एल मारियाची’ (१९९२) आणि ‘पथेर पांचाली’ (१९५५) या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी ‘एल मारियाची’चे चित्रीकरण १९९१ मध्ये मेक्सिकोतील सिउदाद आकुन्या येथे सुमारे दोन आठवड्यांत आणि सुमारे ७,००० डॉलरमध्ये केले. नायकाची भूमिका करणारे मित्र कार्लोस गायार्दो यांच्या ओळखीतून बस, बार, रँच, कुत्रा असे काय काय फुकट मिळू शकते, हे आधी पाहून त्यांनी त्यातून पटकथा रचली. फिल्म वाचविण्यासाठी बहुतेक शॉट एकाच टेकमध्ये घेतले. कॅमेऱ्याबरोबर ध्वनिमुद्रणाची सोय नसल्याने संवाद स्वतंत्रपणे मुद्रित केले. ओठ व शब्द जुळेनासे झाले की संकलनात दुसऱ्या शॉटचा आधार घेतला. या चित्रपटाची वेगवान शैली काही अंशी या मर्यादेतूनच घडली. मात्र प्रदर्शनापूर्वी कोलंबिया पिक्चर्सने केलेला कितीतरी मोठा खर्च त्या प्रसिद्ध आकड्यात धरलेला नाही, हे विसरता येत नाही. तसेच उपलब्ध साधनांतून जन्मलेली ही कथा व्यक्तिरेखांच्या बाबतीत फार खोल जात नाही, हेही नोंदविले पाहिजे.

‘पथेर पांचाली’चा अनुभव याच्या उलट आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये सत्यजित राय यांनी काशफुलांच्या माळावर चित्रीकरण आरंभिले. आठवड्याने परतल्यावर ती फुले गुरांनी खाऊन टाकलेली आढळली. उर्वरित दृश्यासाठी पुढील हंगामाची वाट पाहावी लागली. पुढे पैशाअभावी काम वारंवार थांबले आणि अखेर पश्चिम बंगाल शासनाच्या साहाय्याने ते पूर्ण झाले. तरीही चित्रपट विस्कळीत वाटत नाही. राय यांच्यापाशी रूढ अर्थाची संपूर्ण पटकथा नव्हती. परंतु रेखाचित्रे व टिपणे यांतून दृश्यांची रचना आधीच निश्चित झाली होती. वेळापत्रक कोलमडले, तरी दृष्टी कायम राहिली.

यावरून नियोजनाचे दोन स्तर स्पष्ट होतात. पहिला साधनांचा व दिवसांचा. तो पैसा वाचवितो. दुसरा आशयाचा व दृश्यरूपाचा. तो कलाकृती वाचवितो. ‘एल मारियाची’ पहिल्या स्तरावर आदर्श ठरतो, तर ‘पथेर पांचाली’ दुसऱ्या स्तराचे सामर्थ्य सिद्ध करतो.

आज मोबाइलमुळे चित्रीकरण जवळजवळ विनामूल्य झाले आहे. त्यामुळे विद्यार्थी निर्णय संकलनापर्यंत पुढे ढकलतात आणि तासन्‌तास केलेल्या चित्रीकरणातून पाच मिनिटांचा लघुपटही उभा राहत नाही. म्हणून महाविद्यालयीन चित्रपट-प्रकल्पात केवळ अंतिम कृतीला गुण न देता साधनांची यादी, दृश्यविभागणी व रेखाटने यांचेही मूल्यमापन होणे आवश्यक आहे. कॅमेरा हाती देण्यापूर्वी काय दाखवायचे आणि काय वगळायचे, हे विद्यार्थ्याने कागदावर ठरविले आहे की नाही, हे पाहणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.