जुन्नरचे यवन-लेख आणि संवादाचे शिक्षण

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांत यवन दात्यांचे तीन ब्राह्मी लेख आहेत. इरिल ह्याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट ह्याने संघास भोजनमंडप अर्पण केला, आणि मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाचे गर्भद्वार हे चंदाचे दान होय. तिन्ही लेखांची भाषा प्राकृत आहे.

अशा लेखांच्या आधारे शिल्पात ग्रीक छटा शोधण्याकडे अभ्यासकाचा कल असतो. येथे ती दृष्टी अपुरी ठरते. चंदाच्या लेखाच्या सान्निध्यात गजलक्ष्मी कोरलेली आहे, आणि चिट व चंद ही नावेही एतद्देशीयच वाटतात. संस्कृतींचा संवाद केवळ रूपांच्या उसनवारीत मोजणे हा ह्या विवेचनाचा मूळ दोष होय. जुन्नरला तो पाणी, अन्न व प्रवेशद्वार ह्यांच्या दानात घडला आहे. दात्यांनी येथील भाषा व दानरीती आपलीशी केली. मात्र 'यवन' हे अभिधान त्यांनी टाकले नाही, आणि ते लेण्यात कोरण्यास संघाचाही अडसर झाला नाही.

उत्तरकालीन मराठीत 'यवन' हा शब्द मुसलमानांस उद्देशून, पुष्कळदा वैरभावाने, योजिला गेला. तोच अर्थ मनात धरून विद्यार्थी ह्या लेखांपुढे उभा राहिला, तर दाताच त्याला परचक्र भासेल. म्हणून लेणीदर्शनास शब्दाच्या इतिहासाची जोड हवी. तिच्यावाचून कलेचे शिक्षण संवादाऐवजी पूर्वग्रहच दृढ करील.