'पंचक' बघताना हरवलेला छेद

"नवीन वर्षाची सुरुवात कशी झाली मराठी सिनेमाची?" 2024च्या जानेवारीत एका मित्राने विचारलं. मी काही समीक्षक नाही. प्रयोगशाळेतून वेळ मिळाला तर थिएटरात जाऊन बसणारा साधा प्रेक्षक. पण 5 जानेवारीला एकाच दिवशी आलेले 'ओले आले', 'सत्यशोधक' आणि 'पंचक' हे तिन्ही मी पाहिले होते. उत्तर तोंडावर तयार होतं: दमदार!

मग थांबलो. का थांबलो, ते सांगतो. पीएचडीला बसणार असाल तर उपयोगी पडेल.

आधी माझी मतं. 'ओले आले'मध्ये नाना पाटेकरांचा बाप झकास आहे. सिद्धार्थ चांदेकरचा मुलगा कामात बुडालेला. पण मुलाने शेवटी काय शिकायचं हे आपल्याला फार लवकर कळतं. निष्कर्ष आधी ठरवून मग प्रकरणं लिहिलेल्या प्रबंधासारखं वाटतं. 'सत्यशोधक'ची अडचण उलटी. जोतीराव फुल्यांचं आयुष्य एवढं मोठं की प्रसंग नुसते धावतात. संदीप कुलकर्णी मनापासून उभे राहतात, पण फुल्यांच्या मनात प्रश्न कसा तयार झाला, हे बघायला मला जरा थांबायचं होतं.

आणि 'पंचक'. जयंत जठार आणि राहुल आवटे यांचा हा चित्रपट मला तिघांत सगळ्यात जास्त आवडला, आणि माझी तक्रारही त्याच्याबद्दलच आहे.

कोकणातल्या एका घरात मृत्यू होतो, तोही पंचकात. म्हणजे आता आणखी माणसं जाणार. पुढचा नंबर कोणाचा? या भीतीतून विनोद होतो. दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर असे कसलेले लोक असल्यावर तो जमतोही. भीती शिरली की साधी ठेचसुद्धा पुरावा वाटायला लागते, हे चित्रपटाने छान पकडलंय.

पण कॅमेरा राहतो त्या एकाच घरात. आता जरा हिशोब करा. पंचक म्हणजे चंद्र धनिष्ठाच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असण्याचा काळ. 27 पैकी साडेचार नक्षत्रं, म्हणजे एक षष्ठांश. वर्षातले साधारण 60 दिवस! ढोबळमानाने दर सहा मृत्यूंपैकी एक पंचकातच होणार. त्या प्रत्येक घरात मागोमाग आणखी पाच जण गेले असते, तर गावंच्या गावं ओस पडली असती. गोष्टीत येतो तो फक्त अंश. छेद कोणी विचारतच नाही.

मी तरी कुठे विचारला? माझे आजोबा पंचकात गेले. काकांनी दर्भाचे पाच पुतळे करून घेतले, शांत केली. मी एमएस्सीला होतो, सगळं कळत होतं, तरी गप्प उभा राहिलो. पुढे कोणाला काही झालं नाही. आजी आजही म्हणते, "बघ, शांत केली म्हणून." काही झालं असतं तर? "विधीत काहीतरी राहिलं." दोन्हीकडून एकच गोष्ट सिद्ध होते, म्हणजे खरं तर काहीच तपासलं जात नाही.

आजीला हसू नका. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पाच नमुन्यांत एक सुंदर पॅटर्न दिसला म्हणून मी उड्या मारत गाईडकडे गेलो होतो. सरांनी एवढंच विचारलं, "ज्यांच्यात दिसला नाही, ते कुठे आहेत?" ते मी 'खराब नमुने' म्हणून बाजूला टाकले होते.

म्हणून चार घरांचा तक्ता काढायची सवय लावा. पंचकात मृत्यू, पुढे आणखी मृत्यू. पंचकात मृत्यू, पुढे काही नाही. पंचक नसताना मृत्यू, पुढे आणखी मृत्यू. पंचक नसताना मृत्यू, पुढे काही नाही. लोक पहिल्याच घराच्या गोष्टी सांगतात. संशोधन उरलेली तीन भरल्यावर सुरू होतं. 'पंचक'ने एकदा तरी शेजारच्या घरात डोकावून त्यातलं दुसरं घर दाखवायला हवं होतं. विनोद कमी झाला नसता, उलट धारदार झाला असता.

तर, मित्राला काय सांगितलं? "तीन पाहिले, तेही मला बघावेसे वाटले म्हणून. एक आवडला, दोन बरे. मराठी सिनेमाचं वर्ष कसं सुरू झालं, ते यावरून सांगता येत नाही."

तो म्हणाला, "तुला साधं काही विचारायची सोय नाही."

खरंय. पण व्हायवामध्ये हेच विचारतात.