ध्वनिमुद्रणांचा तौलनिक आस्वाद

ध्वनिमुद्रणांचा तौलनिक आस्वाद : एकच संगीतरचना निरनिराळ्या वादकांच्या, किंवा एकाच वादकाच्या निरनिराळ्या प्रसंगींच्या, ध्वनिमुद्रणांतून ऐकून तीत रचनेचा भाग कोणता व वादकाचा कोणता, हे पारखण्याची श्रवणरीती. पाश्चात्त्य संगीतात जॅझ आणि पियानोपूर्व कळफलक-संगीत (मुख्यतः सोळावे ते अठरावे शतक) ह्या दोन क्षेत्रांत ती विशेष फलदायी ठरते. काळ, समाज व नाद ह्या तिन्ही दृष्टींनी ही क्षेत्रे परस्परांपासून दूर असली, तरी दोहोंत लिखित संहिता अपुरी असते आणि वादकाने ती पुरी करावी, अशी अपेक्षा असते.

इटालियन रचनाकार जीरोलामो फ्रेस्कोबाल्दी (१५८३–१६४३) याने आपल्या तोकातांच्या प्रस्तावनेत ठरीव ठेक्याला बांधून न घेता भावानुसार लय कमीजास्त करण्याची मुभा वादकास दिली. ल्वी कूप्रँ (सु. १६२६–६१) याच्या तालरहित प्रेल्यूडांत स्वरांचा क्रम दिलेला असतो, त्यांची कालमाने नसतात. फ्रांस्वा कूप्रँ (१६६८–१७३३) याने १७१६ च्या आपल्या वादनविषयक ग्रंथात फ्रेंच संगीत जसे लिहिले जाते तसे वाजविले जात नाही, हे स्पष्ट केले. समान लिहिलेले लगतचे स्वर एक लांब, एक आखूड असे वाजविण्याचा तेव्हा प्रघात होता. त्या काळी साथीच्या वादकास केवळ खर्जातील स्वर व त्यांवरील आकडे दिले जात. जॅझवादकास मूळ धून व स्वरसंघांची चिन्हे पुरतात. ह्या साम्यांवरून दोहोंत ऐतिहासिक नाते जोडणे युक्त नव्हे. परंतु बंदिश आणि तिचा विस्तार यांतील भेद जाणणाऱ्या भारतीय श्रोत्यास त्यांचे मर्म सहज उमगेल.

योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याची गोल्डबेर्ख व्हेरिएशन्स (१७४१) ही दोन कळफलकी हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली रचना तुलनेस फार सोयीची आहे. आरंभीची आरिया, तिच्या खर्जावर उभारलेले तीस रूपभेद व अखेरीस पुन्हा तीच आरिया, अशी तिची बांधणी आहे. वांडा लांडोव्हस्का (१८७९–१९५९) हिने १९३३ मध्ये पॅरिसला केलेल्या ध्वनिमुद्रणात पायपट्ट्यांनी नाद बदलता येणारे भक्कम आधुनिक हार्पसिकॉर्ड वापरले; त्यामुळे प्रत्येक रूपभेदास वेगळा रंग मिळाला. गुस्टाव्ह लेऑनहार्ट (१९२८–२०१२) याने पुढे अठराव्या शतकातील बांधणीच्या वाद्यांचा पुरस्कार केला. हार्पसिकॉर्डची तार छेडली जात असल्याने बोटांच्या दाबाने स्वर लहानमोठा करता येत नाही. म्हणून सूक्ष्म विलंब, स्वरांतील तुटकपणा वा जोड आणि अलंकरण हीच अभिव्यक्तीची साधने उरतात. लेऑनहार्टच्या वादनाचे सामर्थ्य ह्या मर्यादेतूनच आलेले आहे.

ग्लेन गूल्ड (१९३२–८२) याने ही रचना पियानोवर १९५५ व १९८१ अशी दोनदा ध्वनिमुद्रित केली. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, तर दुसरी सुमारे ५१ मिनिटांची आहे. ह्या आकड्यांवरून उत्तरवयातील गूल्ड केवळ संथ झाला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दुसऱ्या खेपेस त्याने काही भागांची पुनरावृत्तीही केली आहे. आरिया मात्र दोन्ही ठिकाणी पुनरावृत्तीविना असून ती सुमारे दोन मिनिटांवरून तीन मिनिटांवर गेली आहे. तेथे बदल खरोखर लयीचा आहे. १९५५ मध्ये प्रत्येक रूपभेद स्वतंत्र चमकतो. १९८१ मध्ये लयींची परस्परप्रमाणे राखून सर्व रूपभेद एका सूत्रात ओवलेले आहेत. पहिल्यात आवेग आहे, दुसऱ्यात बांधणीचे भान; एकाने दुसरे रद्द होत नाही.

जॅझमध्ये प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे ध्वनिमुद्रण हीच बहुधा एकमेव संहिता असते. कोलमन हॉकिन्स (१९०४–६९) याने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी सॅक्सोफोनवर वाजविलेले ‘बॉडी अँड सोल’ जेमतेम तीन मिनिटांचे आहे. मूळ धून आरंभी सूचित करून तो स्वरसंघांच्या आधारे नवेच स्वरवाक्य रचीत जातो. हे क्षणिक वादन पुढे इतरांनी लिहून काढले, पाठ केले. जे वेगळेही घडू शकले असते, ते ध्वनिमुद्रणामुळे अटळ भासू लागते. हा भास दूर करणे, हे तुलनेचे मुख्य प्रयोजन होय.

पियानोवादक बिल एव्हान्स (१९२९–८०) याच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ‘ऑल ऑफ यू’ ही धून तीन वेळा वाजविली. धून व वादक तेच असूनही बासवादक स्कॉट लाफारो पियानोस कोठे उत्तर देतो, कोठे त्याच्यापुढे जातो, हे दर वेळी निराळे आहे. अकरा दिवसांनी लाफारोचा अपघाती मृत्यू झाल्याने हा संवाद तेथेच थांबला. थेलोनिअस मंक (१९१७–८२) याने ‘राउंड मिडनाइट’ ही स्वतःची धून १९४७ मध्ये साथीदारांसह व १९५७ मध्ये एकट्याने ध्वनिमुद्रित केली. दुसऱ्या वेळच्या घडणीचे सुमारे बावीस मिनिटांचे मुद्रणही नंतर प्रसिद्ध झाले. त्यात तो थांबतो, मागे येतो, स्वरसंघ पुन्हा चाचपतो; सहज वाटणारे वादन किती शोधाअंती येते, याचा हा पुरावा होय. तथापि वगळलेली मुद्रणे ऐकताना कलावंताच्या स्वतःच्या निवडीस अग्रमान देणे उचित ठरते.

कीथ जॅरेट (१९४५–  ) याच्या कार्यात ही दोन्ही क्षेत्रे एकत्र येतात. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोन येथे तासाहून अधिक काळ उत्स्फूर्त पियानोवादन करणाऱ्या ह्या जॅझवादकाने १९८९ मध्ये गोल्डबेर्ख व्हेरिएशन्स हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली. तीत त्याने जॅझची छाया येऊ दिलेली नाही. मात्र ह्या संयमाची दुसरी बाजूही जाणवते : बाखच्या काळी वादकाला असलेले अलंकरणाचे स्वातंत्र्य लेऑनहार्टसारख्या अभ्यासू वादकाने अधिक मोकळेपणाने घेतलेले आढळते.

तुलना करताना बाह्य परिस्थितीही ध्यानी घ्यावी लागते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचीच मर्यादा होती. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आल्यावर विस्तारास अवकाश लाभला. पुढे चुंबकीय फितीमुळे अनेक वादनांचे तुकडे जोडून एक मुद्रण सिद्ध करणे शक्य झाले. गूल्डने हे तंत्र उघडपणे स्वीकारले. सर्वोत्तम मुद्रण कोणते, ह्या एकाच प्रश्नाशी थांबणारी तुलना लवकरच वांझ होते. दुसरे मुद्रण ऐकल्यानंतर पहिल्यात पूर्वी न ऐकलेले काही ऐकू येणे, हीच तिच्या साफल्याची खूण होय.