रूपांतराच्या पडद्यामागे : ‘द बर्डकेज’ची निर्मिती आणि अर्थनिर्णयन

प्रस्तावना

चित्रपटनिर्मितीच्या हकीकतींना समीक्षेत सहसा स्थान मिळत नाही. ‘किस्से’ म्हणून त्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांकडे सोपविल्या जातात. परंतु एखाद्या रूपांतराला त्याचे विशिष्ट रूप का लाभले, याचे उत्तर अनेकदा याच हकीकतींत सापडते. माईक निकल्स दिग्दर्शित ‘द बर्डकेज’ (१९९६) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

विवेचन

झाँ प्वारे यांच्या १९७३ मधील फ्रेंच नाटकावर एदुआर मोलिनारो यांनी १९७८ मध्ये ‘ला काज ओ फॉल’ हा चित्रपट केला. निकल्स यांच्या विनोदी रंगमंचावरील जुन्या सहकारी एलेन मे यांनी पटकथा लिहिताना ही कथा साँ-त्रोपेहून मायामीच्या साऊथ बीचवर आणली. नैतिकतेचा कैवारी वधूपिता येथे रिपब्लिकन सिनेटर झाला. मुलाचे लग्न जुळावे म्हणून समलिंगी दांपत्याने आपले खरे जीवन लपवावे, हे सूत्र मात्र कायम राहिले.

रॉबिन विल्यम्स यांना प्रथम स्त्रीवेषधारी कलावंत अल्बर्टची भूमिका देऊ करण्यात आली होती. ‘मिसेस डाऊटफायर’ (१९९३) मध्ये स्त्रीवेष करून झाला असल्याने त्यांनी संयत आर्मंड निवडला आणि अल्बर्ट नेथन लेन यांच्याकडे गेला. परिणामी हशा वसूल करण्यात वाकबगार नट येथे दुसऱ्याच्या विनोदाला आधार देतो. स्वयंपाकघरातील प्रसंगात विल्यम्स खरोखरच घसरून पडले, तरी त्यांनी अभिनय थांबविला नाही. निकल्स यांनी तेच चित्रण कायम ठेवले. आर्मंडचा सुटत चाललेला धीर त्या अपघाताने अधिक प्रत्ययकारी झाला.

सर्वांत अर्थपूर्ण हकीकत चित्रीकरणाबाहेरची आहे. १९९६ मध्ये लेन यांनी आपली समलैंगिकता जाहीर केलेली नव्हती. ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात प्रश्न त्या दिशेने वळताच विल्यम्स यांनी विनोद करून विषय पालटला, असे लेन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. जाहीर वाच्यता त्यांनी १९९९ मध्ये केली. आर्मंड अल्बर्टला लपवू पाहतो तेव्हा तो त्याचा अवमान ठरतो. विल्यम्स लेन यांना आडोसा देतात तेव्हा तो स्नेह ठरतो. लपविण्याची कृती दोहोंकडे सारखीच आहे. निर्णय कोणाचा, एवढाच भेद आहे.

समारोप

या भेदाच्या प्रकाशात चित्रपटाचा शेवट वेगळा दिसतो. मुलगा अल्बर्टच्या डोक्यावरील टोप काढून हीच आपली आई असल्याचे सांगतो. हा क्षण हृद्य आहे. पण टोप काढणारा हात अल्बर्टचा नाही. स्वतःची वेळ स्वतः ठरविण्याची जी मुभा लेन यांनी घेतली, ती त्यांच्या पात्राला मिळत नाही. या विनोदाची मर्यादा दाखवून देणारा पुरावा पडद्यामागेच हाती लागतो.