निःशब्द संहितेची पाठचिकित्सा : सुगम वाद्यवृंदाच्या आरंभीच्या तबकड्या, त्यांचा संग्रह आणि देवघेव

तौलनिक साहित्याभ्यासात ‘संहिता’ ही संज्ञा लिखित शब्दापलीकडे विस्तारली त्याला आता बराच काळ लोटला आहे. नाट्यप्रयोग, कीर्तन, चित्रपट यांना संहिता मानून वाचण्याची पद्धती रुळली. ग्रामोफोनच्या तबकडीला मात्र हा मान क्वचितच मिळाला, आणि मिळाला तोही बहुधा गायनाच्या तबकडीला. कारण तिच्यात शब्द असतात. ज्यात शब्द नाहीत आणि ज्याला संगीतशास्त्रानेही ‘हलके’ म्हणून अंतरावर ठेवले, त्या युरोपीय सुगम वाद्यवृंदाच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तबकड्या मुख्यतः खाजगी संग्राहकांनी राखल्या. त्यांचे काम छंद या सदरात टाकले जाते. वस्तुतः ते संहिता-संपादनाचे काम आहे आणि त्याचे गुणदोष संपादनाच्याच निकषांवर तपासले पाहिजेत.

येथे परिभाषेची एक अडचण आहे. मराठीत ‘सुगम संगीत’ म्हटले की आकाशवाणीने रूढ केलेला शब्दप्रधान गायनाचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. युरोपातील सुगम वाद्यवृंद याच्या नेमका उलट : वॉल्ट्झ, नाटकगृहातील अंतरंजने, हॉटेलांच्या दालनांत वाजणाऱ्या छोट्या वर्णनपर रचना. शब्द नाही, असलाच तर शीर्षकात. दोन्ही ठिकाणी ‘सुगम’ हे विशेषण श्रेणी लावण्याचेच काम करते, एवढे साम्य मात्र खरे.

ही श्रेणी आरंभापासून होती असे मानण्याचे कारण नाही. चायकोव्हस्की यांच्या ‘नटक्रॅकर’ सूटचे ध्वनिमुद्रण ओडियन कंपनीने १९०९ मध्ये चार दुहेरी तबकड्यांच्या संचात काढले. वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा पहिला संच म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. तो वाजवला कोणी, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. हर्मन फिंक हे लंडनच्या पॅलेस थिएटरचे संगीत-दिग्दर्शक. विविध करमणुकीच्या खेळांना साथ करणे हे त्यांच्या वाद्यवृंदाचे रोजचे काम. म्हणजे ज्याला पुढे ‘अभिजात’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवले गेले त्याचा ध्वनिमुद्रित आरंभ करमणुकीच्या रंगमंचावरील मंडळींनी केला. ही निवड अपघाती म्हणता येणार नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे, बारा इंचीवर चारच्या आसपास. छोट्या, सुट्या नृत्यखंडांचा सूट या मापात बसतो, सिंफनी बसत नाही. १९२५ मध्ये विद्युत-ध्वनिमुद्रण येईपर्यंत सारे वादक एका कर्ण्यापुढे दाटीने बसत. डबल बासचा खर्ज मेणात नीट उतरत नसे म्हणून त्याच्या जागी अनेकदा ट्यूबा येई, आणि व्हायोलिनऐवजी कर्णा जोडलेले स्ट्रोह-व्हायोलिन. हे फेरबदल रचनेच्या छापील प्रतीत कोठेच नसतात. तबकडी ही रचनेची नक्कल नसून तिचा एक स्वतंत्र पाठ आहे, हे संग्राहकांना अनुभवाने ठाऊक असते.

भारतीय उदाहरणाशी तुलना केली तर या पाठाचे वेगळेपण स्पष्ट होते. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. अशा तबकड्यांच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव उच्चारते. तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कारागिरांना ओळख पटावी म्हणून ही सोय होती, असे सांगितले जाते. संतकवींच्या नाममुद्रेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. वाद्यवृंदाच्या तबकडीला अशी मुद्रा नसते. तिची ओळख कागदी लेबलावर आणि लेबलाजवळच्या कोऱ्या कडीतील मॅट्रिक्स क्रमांकावर अवलंबून असते. यांपैकी लेबल खोटे बोलू शकते. बर्लिनच्या लिंडस्ट्रॉम कंपनीच्या ओडियन आणि पार्लोफोन या छापांवर दायोश बेला यांचा वाद्यवृंद विपुल वाजला. कीव्हमध्ये १८९७ साली जन्मलेल्या या व्हायोलिनवादकाचे मूळ नाव लिओन गोल्ट्झमान. म्हणजे मुखवटा नावापासूनच सुरू होतो. त्या काळच्या व्यवहारात एकच वाद्यवृंद निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकला जाई. १९३३ नंतर ज्यू कलावंतांना जर्मन संगीतव्यवहारातून हुसकावण्यात आले. बेला अर्जेंटिनात स्थायिक झाले, त्यांच्यासारखीच लोकप्रिय असलेली वाद्यवृंदप्रमुख एडिथ लोरांड हिलाही जर्मनी सोडावी लागली. अशा वेळी परदेशात, परक्या लेबलाखाली छापलेली तबकडी आणि तिच्यावरचा न पुसलेला क्रमांक हा पुरावा ठरतो. क्रमांकांच्या याद्या करीत बसणाऱ्या संग्राहकाची चेष्टा करणे सोपे आहे. या याद्यांवाचून मुखवट्यामागचा वादक मात्र सापडत नाही.

पाठभेदाचा प्रश्न सर्वांत बोचरा होतो तो आल्बर्ट केटेल्बी यांच्या ‘इन अ पर्शियन मार्केट’ या १९२० च्या रचनेत. पौर्वात्यवादाच्या चर्चेत हिचा उल्लेख ठरलेला आहे आणि तो रास्तही आहे : उंटांचा तांडा, राजकन्या, गारुडी, खलिफा असा सारा साचेबंद पूर्व पाच-सहा मिनिटांत हजेरी लावून जातो. पण चर्चा होते ती छापील संगीतलेखाची, त्यातील कथासाराची. तबकडी घेणाऱ्या श्रोत्यापाशी कथासार नव्हते. होते फक्त शीर्षक. शिवाय रचनेत भिकाऱ्यांचा एक समूहस्वर आहे. तो ऐच्छिक आहे. काही मुद्रणांत माणसे खरोखर भीक मागताना ऐकू येतात, काहींत ती जागा वाद्ये भरून काढतात. पहिल्या पाठात बाजारात दारिद्र्य आहे आणि ते हाकलले जाते. दुसऱ्यात उरते ती निव्वळ चाल. या रचनेच्या वसाहतवादी आशयाविषयी कोणतेही विधान करताना समीक्षकाने कोणती तबकडी ऐकली हे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते, आणि ते बहुधा सांगितले जात नाही.

संग्रहाकडून देवघेवीकडे आले की संपादकाची जबाबदारी वाढते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा वेग आरंभी केवळ नाममात्र होता. चौऱ्याहत्तर फेऱ्यांना कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरला वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि संथ वॉल्ट्झ लगबगीचा होतो. खरखर काढताना व्हायोलिनचा वरचा नाद जातो; दोन बाजूंचा सांधा बुजवताना, वादकांनी बाजू संपते म्हणून मुद्दाम घेतलेला ठेहराव नाहीसा होतो. पाठांतरांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, हे मराठी परंपरेतील संपादनाचे मोठे उदाहरण. पण शुद्धीकरणात मागे काय टाकले गेले हे कळण्यासाठी जुन्या पोथ्यांचीच गरज पुढच्या अभ्यासकांना भासली. या दृष्टीने इंटरनेट आर्काइव्हच्या ‘ग्रेट ७८’ प्रकल्पाची पद्धत लक्षणीय आहे. तेथे एकच तबकडी वेगवेगळ्या मापांच्या चार सुयांनी एकाच वेळी वाचली गेली आणि लेबलाचे छायाचित्रही सोबत ठेवले गेले. निवाडा न देता चारही पाठ पुढे ठेवणे ही चिकित्सक आवृत्तीचीच शिस्त होय. या प्रकल्पावर मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२३ मध्ये दावा लावला आणि २०२५ मध्ये तडजोड झाली.

कायद्याची विसंगती येथे टाळता येत नाही. १९२८ ची ब्रिटिश तबकडी भारतात साठ वर्षांच्या मुदतीमुळे केव्हाच मुक्त झाली. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार ती २०२९ पर्यंत बद्ध राहते. युरोपात पन्नास वर्षांची मुदत होती तेव्हा, २००४ पासून, गिल्ड कंपनीने सुगम वाद्यवृंदाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मोठी मालिका काढली. तिचे संकलक डेव्हिड एड्स हे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या रॉबर्ट फार्नन सोसायटीचे कार्यकर्ते. म्हणजे निवड रसिकांच्या हाती होती. परिणामी मालिकेचा मुख्य भर त्यांच्या तारुण्यातील, चाळीस-पन्नासच्या दशकांतील संगीतावर पडला आणि कर्ण्याच्या काळातील तबकड्यांना तिच्यात फारसे स्थान मिळाले नाही. प्रेमाने केलेल्या संपादनाची ही मर्यादा आहे. २०१३ मध्ये युरोपातील मुदत सत्तर वर्षांची झाली. त्याच वर्षअखेरीस ती सोसायटीही थांबली.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचा अनुभव येथे उपयोगी पडावा. तिच्या कामाचा रोख भारतीय संगीतावर, त्यातही गायनावर राहिला हे स्वाभाविक आहे. पण सूचिकार्याला तिने दिलेले महत्त्व वाद्यवृंदाच्या क्षेत्रालाही लागू आहे. संग्राहकाच्या हयातीनंतर तबकड्यांना गिऱ्हाईक मिळते. मॅट्रिक्स क्रमांक, वेग, सुईचे माप, कोणत्या तबकडीवर भिकाऱ्यांचा स्वर आहे आणि कोणत्या नाही, अशा नोंदींनी भरलेल्या वह्यांना मिळत नाही. असा संग्रह ग्रंथालयाकडे आला तर तबकड्यांची मोजदाद होते. वही दाखल नोंदवहीत कोणत्या सदराखाली लिहायची, हे बहुधा ठरलेले नसते.